दुसऱ्या यादीतले लोक

अमरावतीच्या ज्या कॉलेजात मी शिकवते तिथं अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर कुणी मागून घेत नाही. तो वाट्याला येतो. माझ्या वाट्याला तो आला तेव्हा मी नवी होते, आणि पुढं तो मला इतका आवडला की दुसऱ्या कुणाला देऊ केलाच नाही. कापसाच्या पट्ट्यातल्या मुलांना कापसाच्या मळ्यांचा इतिहास शिकवायला फार खटाटोप करावा लागत नाही. बोंडाच्या काटेरी टोकांनी बोटं कशी सोलतात हे अर्ध्या वर्गाला ठाऊक असतं. आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेली माणसं, त्यांचा लिलाव, मळ्यातली वेचणी, हे सगळं मी सांगायचे तेव्हा वर्ग गप्प व्हायचा. त्या गप्प होण्याचा मला थोडा अभिमान होता, हे आज कबूल करते.

ज्या मुलीचं हे सांगते आहे ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. धारणीच्या पुढच्या एका खेड्यातली, आश्रमशाळेत शिकून आलेली. मागच्या बाकावर दोन कोरकू आदिवासी मैत्रिणींच्या मधे बसायची. तिघी मुलींच्या वसतिगृहात एका खोलीत राहत, एका ताटात जेवत. आधीच्या दोन वर्षांत तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी मी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं सांगत होते. आग्नेयेकडच्या सुपीक जमिनीवरून सरकारनं त्यांना कसं उठवलं, सैनिकांच्या पहाऱ्यात मोठ्या नदीपलीकडे पायी कसं नेलं, थंडीत आणि आजारांत किती म्हातारी आणि लेकरं वाटेत गेली. ओघात हेही सांगितलं की त्या जमातींतल्या काही सधन घराण्यांनी गोऱ्यांचं पाहून कापसाची शेती धरली होती आणि काळे गुलामही ठेवले होते. मागच्या बाकावरून तिचा हात वर झाला.

"मॅडम, ते काळे गुलाम मंग मागंच राहिले का?"

"नाही. मालकांसोबत त्यांनाही नेलं."

"मंग ते कोणत्या रांगेत चालत होते? पुढं का मागं?"

वर्ग हसला. इतकी वर्षं शिकवत होते, पण ती माणसंही त्याच चिखलातून चालली असतील, एवढा साधा विचार माझ्या मनात आला नव्हता. मी तिला म्हटलं, "शोधू या. तुझा प्रकल्प ह्याच विषयावर कर."

तिनं तो केला. इंग्रजी तिला जड जायचं. मोबाइलवर शब्द बघून, वहीत अर्थ लिहून ती एकेक पान पुढं सरकायची. शनिवारी दुपारी माझ्या टेबलाशी येऊन वाचलेलं सांगायची. त्या प्रवासात काळी माणसं पुढं जाऊन रस्ता साफ करत होती, लाकडं फोडत होती, मालकांच्या आजारी लेकरांना उचलून नेत होती. "म्हंजे पुढंही होते अन् मागंही होते," ती म्हणाली. मग यादवी युद्ध झालं, ती माणसं मोकळी झाली, करार झाले आणि त्यांना त्या जमातींतच धरायचं असं ठरलं. पुढं एका पिढीनंतर सरकारी कारकून याद्या करायला बसले. एक यादी रक्तानं जमातीतल्या लोकांची, दुसरी मुक्त झालेल्या गुलामांची. कितीकांचं दोन्हीकडचं रक्त होतं, पण चेहरा काळा दिसला की कारकून नाव दुसऱ्या यादीत टाकायचा. त्यांची पणतवंडं अजून कोर्टात भांडताहेत, आम्हालाही तुमच्यातले म्हणा म्हणून.

हे सांगताना ती एका शनिवारी थांबली. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"मॅडम, एक सांगू? कोणाले सांगसान नाही ना?"

"नाही सांगत."

"मी कोरकू नाही. आमी निहाल."

मी तोवर निहाल जमातीविषयी पुस्तकात एखादी ओळ वाचली होती, तेवढीच. ती खालच्या आवाजात सांगत गेली. त्यांच्या खेड्यात निहालांची तीन घरं. आजा, पणजा सगळे कोरकूंच्या घरी ढोरं राखायला, शेतात राबायला. पंगतीत बाजूला बसायचे. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी त्या भागातल्या सगळ्याच लेकरांच्या नावापुढं कोरकू लिहून टाकलं, आणि तिच्या बापाला त्यात बरंच वाटलं. घरात कोरकूच बोलतात. निहालांची स्वतःची भाषा आहे, ती फक्त आजीला येते. आजी ती आपल्या दिराशी बोलायची. दीर वारला.

"मग आता कुणाशी बोलते?"

"बकऱ्याईशी," ती म्हणाली, आणि हसायला गेली पण तिला हसू आलं नाही.

मला त्या रात्री नीट झोप आली नाही. दुःखानं नाही, उत्साहानं. असं जिवंत उदाहरण माझ्यासमोर बसून पुस्तकं वाचत होतं! ह्यातला ‘उदाहरण’ हा शब्द तेव्हा मला खटकला नाही.

माझ्या बाजूनं एक सांगायला हवं. मी अकोल्याच्या बौद्ध वस्तीत वाढले. कॉलेजात असताना वसतिगृहात कुणी आडनाव विचारलं की मी क्षणभर अडखळायचे. वडिलांनी ते एकदा पाहिलं आणि घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "लपवायचं आपण काहून? आपण काय चोरी केली?" त्या दिवसापासून मी आडनाव ठासून सांगू लागले, आणि पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. तेव्हापासून माझी समजूत झाली की सांगून टाकलं की माणूस मोकळा होतो. कुणीही, कधीही.

हिवाळ्यात अकोल्याच्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांचा परिसंवाद होता. मी तिचं नाव दिलं. तिच्या दोघी मैत्रिणीही हौसेनं सोबत आल्या, तिला माझी निळी साडी त्यांनीच नेसवून दिली. सकाळच्या एसटीत तिघी निबंधाची पानं हातात घेऊन पाठ म्हणत होत्या. एक अडली की दुसरी सांगायची.

निबंध तिनं चांगला वाचला. आवाज पहिल्या पानावर कापत होता, नंतर स्थिर झाला. शेवटी टाळ्या पडल्या. मग मार्गदर्शक म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले की हा विषय ह्या मुलीनं पुस्तकातून उचललेला नाही. आदिवासींमध्येही वरचे-खालचे असतात, ते तिनं भोगलं आहे. ती स्वतः निहाल आहे. तिच्या घराण्यानं पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या जमातीच्या घरी राबणूक केली आहे. ह्या सभागृहातही आज दुसऱ्या यादीतलं एक माणूस उभं आहे.

वाक्य मला तेव्हा फार छान जमल्यासारखं वाटलं. पुन्हा टाळ्या झाल्या, मघापेक्षा जास्त. मी वळून तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

मागच्या रांगेतून एक प्राध्यापक उठले. वाईट हेतूनं उठले असं मी आजही म्हणणार नाही. त्यांनी विचारलं, "मॅडम, पण कार्यक्रमपत्रिकेत तर कोरकू विद्यार्थिनी असं छापलं आहे. मग हिचा जमातीचा दाखला कशाचा?"

थोडे लोक हसले. अध्यक्षांनी विषय पुढं नेला. ती मंचावरून उतरून खाली आली तेव्हा मैत्रिणींच्या मधली खुर्ची रिकामीच होती, पण ती दाराजवळ जाऊन उभी राहिली.

दुपारी मी तिघींना आईकडे जेवायला नेणार हे आधीच ठरलं होतं. माझी आई अजून जुन्या वस्तीतच राहते. तिनं वांग्याची भाजी, भाकरी, ठेचा असं सगळं करून ठेवलं होतं. दोघी मैत्रिणी एकीकडे बसल्या, ती दुसरीकडे. आईनं दोनदा वाढायला वाकून पाहिलं.

"काहून वं पोरी, जेवून नाही राहिली? तिखट झालं का?"

"नाही, आजी. चांगलं हाय."

दोघींपैकी मोठी एकदम म्हणाली, "तीन वर्सं एका ताटात जेवलो आमी. पयले काहून नाही सांगतलं?" आवाजात राग होता आणि राग संपायच्या आत ती रडायलाच लागली. तिला काय लागलं होतं, एका ताटात जेवल्याचं की मैत्रिणीनं लपवल्याचं, ते मला कळलं नाही. बहुतेक तिलाही नाही. निळ्या साडीतल्या मुलीनं ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, आणि पालथं घालून ठेवलं. पाहुण्यानं ताट घासायचं नसतं, पण आईनंही तिला अडवलं नाही.

मुली बाहेर ओट्यावर गेल्यावर आईनं मला स्वयंपाकघरात धरलं. "काय झालं?"

मी सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हे तू सांगतलं का तिनं सांगतलं?"

"मी."

"तिले इचारलं होतं?"

मी ते पालथं ताट उचलून पुसायला घेतलं.

"तुह्या बापानं तुले म्हटलं होतं, लोकाईले नव्हतं सांगतलं. तुह्यं तू सांगतलं, आपल्या तोंडानं. हे येगळं होय, बाई."

परतीच्या गाडीत मैत्रिणी मागं बसल्या. ती कंडक्टरच्या मागच्या सीटवर एकटी बसली. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं. उतरताना तिनं मला विचारलं, "मॅडम, साडी धुवून देऊ का अशीच देऊ?" मी म्हटलं, राहू दे तुलाच. दुसऱ्या दिवशी साडी धुऊन, घडी करून स्टाफरूममध्ये माझ्या टेबलावर ठेवलेली होती. त्याच दुपारी ती धारणीच्या गाडीनं गावी गेली आणि आली नाही.

दाखल्याचं मी नंतर एका जुन्या, माहितगार कारकुनाला विचारलं. त्यांनी कपाटातून अनुसूचित जमातींची यादी काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. कोरकू आणि निहाल दोन्ही नावं त्या एकाच ओळीत होती. "काही झालं नसतं तिचं," ते म्हणाले. "चार कागद जास्तीचे लागले असते." हे मी तिला त्या सभागृहातच सांगू शकले असते. पण मला तेव्हा अमेरिकेतल्या याद्या पाठ होत्या, माझ्या राज्याची यादी मी उघडून पाहिली नव्हती.

परीक्षेच्या आधी मी तिच्या गावी गेले. धारणीपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपवाल्यानं घर दाखवलं. अंगणात एक म्हातारी बाई सागाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसली होती. मला पाहून ती काहीतरी बोलली. मला वाटलं, भाषा कोरकू असेल. मुलगी आतून आली, तिनं मला बाज टाकून दिली, बिनदुधाचा चहा आणला.

मी यादीचं सांगितलं. परीक्षेचा फॉर्म मी भरते म्हटलं. वसतिगृहात दुसरी खोली मिळेल म्हटलं. तिनं सगळं ऐकलं, मधे एकदाही टोकलं नाही. मग मी म्हटलं, "माझं चुकलं. मी तुला आधी विचारायला पाहिजे होतं."

"इचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तुमी इचारलं नाही. हो ना, मॅडम?"

त्या अंगणात खोटं बोलायची माझी हिंमत झाली नाही. मी हो म्हटलं.

तिनं मान हलवली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली की तिच्या बापाला गावात विचारून राहिले, तुमच्या पोरीनं शहरात जाऊन आमची बदनामी काहून केली. मोबाइलवर कुणीतरी माझ्या भाषणाची चित्रफीत पाठवली होती. बाप आता कुणाच्या घरी कामाला जात नव्हता, आणि त्याला कुणी बोलवतही नव्हतं. "तुमी गेल्यावर आमाले इथंच राहाचं हाय ना," ती म्हणाली.

निघताना म्हातारीनं माझा हात धरला आणि पुन्हा तेच काहीतरी बोलली. मी मुलीकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"मलेही पुरं नाही समजत, मॅडम," ती म्हणाली.

तिनं परीक्षा दिली नाही. मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही, आणि मग लिहिणं थांबवलं. तिचा फोन काही महिन्यांनी बंदच झाला. मी तो पेपर अजून शिकवते. त्या पायी प्रवासाशी आलं की सांगते, काळी माणसंही सोबत होती, रस्ता साफ करत पुढं आणि आजाऱ्यांना उचलून मागं. एवढं सांगून पुढच्या प्रकरणाकडे जाते. हे कुणी शोधून काढलं ते सांगत नाही.

मागल्या उन्हाळ्यात तिची ती मोठी मैत्रीण मला परतवाड्याच्या स्टँडवर भेटली. आता ती एका आश्रमशाळेत शिकवते. तिनं वाकून नमस्कार केला, मग इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "तिचं लगन झालं, मॅडम. बऱ्हाणपूरकडे देल्ली. आजी त्याच्या आधीच गेली."

"तू गेली होतीस?"

"हो. म्या जाऊन पयले माफी मांगली. तिनं मले बाजूले बसवलं, एका पत्रावळीवर जेवलो." ती थोडी घुटमळली. "तुमच्या नावाची लगनाची पत्रिका लिहाची का म्हून मी इचारलं होतं तिले."

"मग?"

"नको म्हणे."

तिची गाडी लागली होती. ती पिशव्या सावरत चढली, खिडकीतून हात हलवला. मी पण हलवला.