भिंतीवरून उतरवलेला फोटो

ती घटना आठवू नये म्हणून मी काही कमी प्रयत्न केले नाहीत, तरी ती आठवतेच. नोकरीत मिळालेल्या शाबासक्या विसरलो, पण हे एक प्रकरण काही डोक्यातून जात नाही. नावे कुणाचीच घेत नाही. माझे घ्यायला हवे खरे, पण लाज वाटते.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. एका शेतकऱ्याने तक्रार दिली की, थोरल्या भावाने वडिलांच्या वेळचे म्हणून पुढे केलेले वाटणीपत्र बनावट आहे. कागद पिवळा पडलेला, कडा झिजलेल्या, घडीवर चिरा. बाप जिवंत असेपर्यंत वाटणी झालीच नव्हती, असे धाकट्याचे म्हणणे होते. गुन्हा दाखल झाला. चार दिवसांनी एका खबऱ्याने टीप दिली, "साहेब, बाजारातल्या फोटो स्टुडिओत पाहा. तो कालचा फोटो पन्नास वर्षं जुना करून देते, कॉम्प्युटरवर."

मी लगेच गाडी काढायला सांगितली. माझा स्वभावच तसा होता. एकदा डोक्यात काही बसले की ब्रह्मदेवही ते काढू शकत नसे.

स्टुडिओवाला चाळिशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. त्याच्या कॉम्प्युटरवर 'जुना कागद' नावाचे एक फोल्डर सापडले. त्यात पिवळ्या कागदांचे, ओलीच्या डागांचे, पोपडे उडालेल्या भिंतींचे, गोणपाटाचे, घड्यांच्या चिरांचे शेकड्याने फोटो. मला वाटले, सापडला गडी!

"हे काय आहे?"

"टेक्श्चर हाय साहेब. कोन्त्याबी फोटोवर ठेवा, फिकं-गडद करा, फोटो जुना दिसते. लग्नाच्या अल्बमची पानं अशीच करतो मी. लोकाइले आवडते."

"आणि वाटणीपत्रं?"

"आईची आन साहेब, तसल्या कागदाले हात नाई लावला."

त्याच फोल्डरमध्ये एक तयार फोटो होता. पटका बांधलेला तरणा माणूस, रंग तपकिरी, कोपऱ्यात डाग, मधोमध चीर. हा कोण, असे विचारले तर स्टुडिओवाला गप्प. अर्धा जन्म चौकशा करण्यात गेला होता माझा. माणूस गप्प बसला की काहीतरी लपवतो, एवढे पक्के ठाऊक होते. तो कुणासाठी लपवत असेल, हे मात्र मनातही आले नाही.

ठाण्यात आणून मी त्याच्यावर हात उचलला नाही. ऐन लग्नसराई होती. "कॉम्प्युटर जप्त करतो. केस संपेपर्यंत पडून राहील मुद्देमालाच्या खोलीत," एवढेच म्हणालो. दहा-बारा लग्नांचे फोटो त्यात होते, अजून कुणाला दिलेले नव्हते. तो रडकुंडीला आला आणि बोलला.

गावात एक विधवा म्हातारी होती. मुलगा रांगता असतानाच नवरा गेला, त्याचा एकही फोटो नाही. "साऱ्याइच्या भितीवर फोटो हाय, आपल्याच घरी मानूस नव्हता काय?" असे ती मुलाला म्हणे. मुलगा थेट बापाच्या वळणावर गेलेला, असे सगळेच सांगत. शेवटी त्याने स्वतःच पटका बांधून फोटो काढला आणि स्टुडिओवाल्याने तो जुना करून दिला. वरवट बकाल गावच्या एका नातेवाइकाच्या पेटीत सापडला, असे आईला सांगितले.

"म्हातारीले मालूम नाई साहेब. तिच्याम्होरं काढू नका. पाया पडतो."

"बरं," म्हणालो. हो, मीच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दोन पंच आणि लेखनिक हवालदार घेऊन तिच्या घरी गेलो. स्टुडिओवाला नव्याचे जुने करतो, याचा नमुना मला हवा होता. मुलगा मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. म्हातारीने आम्हाला बसवले, पाणी दिले. चौकशीसाठी फोटो लागेल म्हटल्यावर तिने तो भिंतीवरून उतरवला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. "सांभाळून न्या बापा, एकच हाय."

पंचनामा लिहून झाला की तो पंचांना वाचून दाखवायचा आणि मग सह्या घ्यायच्या, ही आमची पद्धत. गाडीजवळ नेऊनही वाचता आला असता. पण मला घाई होती. "वाच," म्हणालो. हवालदाराचा आवाज मोठा खणखणीत.

"सदरचा फोटो हा मयत इसमाचा नसून त्याच्या हयात मुलाचा आहे. त्यावर संगणकाद्वारे जुन्या कागदाचा पोत चढवून तो जुना भासविण्यात आला आहे…"

आमची सरकारी मराठी तिला कळणार नाही असे मला वाटले होते का? छे! खरे सांगायचे तर तिचा विचारच केला नव्हता. ती चुलीजवळ उभी राहून सगळे ऐकत होती.

"मंजे हे… हे माहे मालक नाईत?"

पंच खाली बघू लागले. "चौकशीचा भाग आहे मावशी," असे काहीतरी पुटपुटून मी बाहेर पडलो. असला नालायकपणा मी गुन्हेगारांतही क्वचित पाहिला आहे.

आठवड्याभरात थोरल्या भावाने कबुली दिली. कोऱ्या चहाच्या पाण्यात कागद बुडवून उन्हात वाळवला, मग गादीखाली ठेवला. कॉम्प्युटरचा कुठे संबंधच नव्हता. वरिष्ठांनी पाठ थोपटली.

रीतसर परवानगी घेऊन फोटो परत द्यायला मी स्वतः गेलो. त्या दिवशी मुलगा घरी होता. तो माझ्याकडे बघेचना. म्हातारीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि माझ्याकडे परत केला.

"न्या साहेब. पयले याच्यात मले मालक दिसत. आता पोरगाच दिसते. जित्या पोराच्या फोटोले हार घालू काय मी?"

मी फोटो घेऊन गाडीत बसलो. पुढच्या सगळ्या नोकरीत पंचनामा वाचण्याआधी घरात कोण कोण आहे ते पाहत गेलो, हाताखालच्यांनाही तेच शिकवले. शिकलो ते एवढेच. त्या पंचनाम्यातला एकही शब्द खोटा नव्हता, म्हणून माझ्यावर कधी ठपका आला नाही. तिच्या दारात उभा असताना माफी ओठांवर आली होती, पण अंगावर वर्दी होती आणि शेजारीपाजारी बघत होते. मी मागितली नाही. ती वारली तेव्हा निवृत्त होऊन मला दोन महिने झाले होते, आणि तोवरही मी माफी मागायला गेलो नव्हतो.