मी बाहेर हाय

“मी बाहेर हाय गो,” असं म्हणून काकी नवरीच्या खोलीचं दार ओढून घ्यायची आणि पडवीत चटई टाकून आडवी व्हायची. आमच्या महाडच्या वस्तीतल्या कितीतरी मुलींच्या संसाराची सुरुवात या वाक्याने झाली आहे. माझ्याही.

नवरीबरोबर तीन-चार दिवस सासरी राहायला जाते ती पाठराखीण. तुमच्याकडेही कुणी जात असेल. बहुतेक घरांतून एखादी मोकळी आत्या पाठवतात. ती मानाचं जेवते, साडी घेते आणि परत येते. ही काकी तर सख्खी कुणाचीच नव्हती. आमच्या समोरच्या घरात एकटी राहायची आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या लाटायची. लग्नसराई आली की रजेसाठी सुपरवायझरपुढे उभी.

“परत लग्न? तुला भाच्या आहेत तरी किती?” तो वैतागायचा.

“मोजल्या नाय, साहेब,” असं म्हणून ती निघायची सुद्धा.

तिच्या पिशवीत दोन साड्या, मिश्रीची डबी आणि एक जाड, गडद मरून रंगाची, फुलाफुलांची चादर असे. नवरीच्या गादीवर ती हीच चादर घालायची, आणि सकाळी घर जागं व्हायच्या आत धुऊन वाळत टाकायची. चादरीवर डाग शोधणारी आणि त्यावरून मुलीची परीक्षा करणारी माणसं अजून आहेत, तुम्हाला ठाऊक आहे. एका गावी अशीच एक सासू सकाळी दारात आली.

“चादर कुठाय?”

“धुतली. माझी हाय, मीच धुणार.”

“इतक्या पहाटे?”

“मी पहिल्या पाळीची बाय. सवय हाय.”

नंतर काकीच आम्हाला सांगायची, “रगत कोणाला येतं, कोणाला नाय येत. त्याच्यात बघण्यासारखं काय हाय?”

माझं लग्न ठरलं तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते, शाळेत मुलांना शिकवत होते, आणि तरी त्या एका रात्रीच्या विचाराने माझी अन्नावरची वासना उडाली होती. मैत्रिणींनी हसत हसत नको नको ते सांगून ठेवलं होतं. आई हा विषय निघाला की भांडी घासायला उठायची. लग्नाच्या आदल्या दिवशी काकी माझ्या केसांना तेल लावायला बसली आणि भाजी कशी करायची ते सांगावं तशा सुरात बोलू लागली.

“रात्री पोटभर जेवू नको. लघवीला जाऊन ये. मग दोघं नुसती बोला. हातात हात घे. बरं वाटलं तं पुढं, नाय वाटलं तं झोपा. अंग ताठलं की थांबायचं. दुखलं तं सांगायचं, दात खाऊन पडून राहायचं नाय. लाजू नको. आज नाय तं उद्या, उद्या नाय तं महिन्यानं.”

“आणि त्यांना वाईट वाटलं तर?”

“त्याचं मी बघते.”

आणि तिने पाहिलंच. वरात पोलादपूरकडच्या त्यांच्या गावी पोचली तशी तिने माझ्या नवऱ्याला गोठ्यामागे नेलं. काय बोलली ते त्याने मला पुढे सांगितलं. “बायको तुझीच हाय रे, पळून जात नाय. ती हो म्हणेल तवा. नको म्हणाली तं नको, आणि तोंड पाडायचं नाय. पोर इतक्यात नको असेल तं निरोध आण. त्याच्यासंगती खोबरेल लावू नको, फाटतो, नर्सबाईंनी सांगितलंय. मेडिकलात जेली मिळते.” माझा नवरा दुसऱ्या दिवशी ती जेली आणायला पार महाडला गेला, कारण पोलादपूरचा दुकानदार त्याच्या वडिलांचा दोस्त होता. घरी सांगितलं, मोटारसायकलचं ऑइल संपलंय.

पहिल्या रात्री आम्ही त्याच्या रात्रपाळ्या आणि माझ्या शाळेतली पोरं यांवरच बोललो. मला मधेच धडधडायला लागलं, तेव्हा बाहेरून काकी खोकली. तिला खोकला बिकला काही नव्हता. ती आहे, एवढं कळावं म्हणून खोकली. मी शांत झोपले. पुढच्या दोन-तीन दिवसांत काय, कधी झालं ते आम्हा दोघांचं. पण भीती माझ्यापाशी उरली नव्हती. एका सकाळी मी चुलीपाशी नवऱ्याला ‘अहो’ न म्हणता नावाने हाक मारली आणि दोघं हसलो. काकीने तिथल्या तिथे पिशवी भरली.

“आता मी जाते. कॅन्टीनवाले बोंबलत असतील.”

नवऱ्यांचीही ती काकीच असे बरं का. एक टेम्पोवाला मुलगा मधेच खोलीतून उठून तिच्या चटईशी येऊन बसला होता. “काकी, मला काय जमत नाय.” काकी म्हणाली, “नाय जमलं तं नाय जमलं. ही काय नोकरी हाय, पहिल्याच दिवशी हजेरी लावायला?” त्याला पाणी पाजून तिने परत पाठवलं. पुढे त्याच्या जुळ्यांच्या बारशाला तिला पहिली साडी होती.

तिच्या स्वतःच्या लग्नाचं मी एकदाच विचारलं. तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“वीस वर्षांची होते. आई आजारी, संगती कोणच आलं नाय. तो दारू पिऊन आलेला. मी ओरडले गो. बाहेर सगळी जागी होती.” मग म्हणाली, “सगळी हसली.”

पुढे वर्षभरात ती ते घर सोडून आली आणि पुन्हा कधी गेली नाही. तिचं ‘मी बाहेर हाय’ कुठून आलं ते मला त्या दिवशी कळलं. मला रडू आलं, तर मलाच म्हणाली, “तांदळात पाणी पाडू नको.”

अलीकडे तिला कुणी नेईनासं झालं. जोडपी थेट महाबळेश्वरला जातात, आणि मोबाईलवर सगळं असतं म्हणतात. ती तक्रार करायची नाही. लग्नाच्या मांडवात नवरीकडे बघत मात्र बसायची.

गेल्या वर्षी कळलं की पाळी जाऊन इतकी वर्षं झाल्यावरही तिला अंगावरून जात होतं. किती महिने, ते तिने सांगितलंच नाही. साऱ्या गावच्या पोरींना ‘लाजू नको, दुखलं तं सांग’ म्हणणारी बाई स्वतः लाजली आणि दात खाऊन चपात्या लाटत राहिली. मला तिचा राग आला, अजूनही येतो. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, तरी पिशवीचं ऑपरेशन करून बघू.

पनवेलच्या हॉस्पिटलात मी तिच्याबरोबर गेले. सकाळी तिला आत न्यायला माणसं आली तेव्हा तिने उशाखालची मरून चादर काढून माझ्याकडे दिली. मग माझा हात घट्ट धरला. एवढ्या नवऱ्या पोचवलेली ही बाई, आणि अंग सगळं ताठलेलं.

“गो, माझ्यासंगती आत कोणच नाय येणार?”

“आत कुणाला सोडत नाहीत काकी. मी बाहेर आहे.”

“जाशील नाय ना कुठं?”

“नाही. इथेच आहे.”

तिने डोळे मिटले. हात जरा सैल झाला. मग दार बंद झालं.

मी बाकावर बसले. मधे एकदा, ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही, मोठ्याने खोकले.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले. ती टेबलावरच गेली होती. माझा नवरा धावतपळत आला, कागदांवर सह्या झाल्या. नर्सने येऊन खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “बाई, आता इथे बसायचं काही कारण नाही.”

मी चादर मांडीवर घेऊन तिथेच बसून राहिले. काकीला मी सांगितलं होतं, मी बाहेर आहे.