कुंदाबाईंचा जुना नंबर

सोमवारी सेलूच्या सेंटरवर माझं डोकंच फिरलं. पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस, पाचला साईट बंद... आणि सेंटरवाला विचारतो, "काकू, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी आला का?"

माझ्या मोबाईलवर काहीच नाही. त्याने नंबरचे शेवटचे आकडे दाखवले तेव्हा कळलं... हा तर कुंदाबाईंचा!

गावात आधारचं शिबिर झालं तेव्हा आमच्या गल्लीत एकाही बाईजवळ फोन नव्हता. फोन फक्त अंगणवाडीच्या कुंदाबाईंजवळ. आम्ही सगळ्यांनी आपला, पोरांचा, सासूचा म्हणून त्यांचाच नंबर देऊन टाकला. कशाला लागतो, कोणी विचारलं नाही... मीही नाही.

त्या रिटायर होऊन कधीच्याच पुलगावला लेकीकडे गेल्या. ते सिम आता कुठलं चालू असणार? पोरगी रडकुंडीला आली आणि मी तिच्यावरच ओरडले. मला दुसरं येतं काय!

नंबर पाठ होता, कितीदा तर कागदावर लिहून दिलेला. लावला...

"जयभीम, कोण?"

"मी सुनंदा, केळझरची. बाई, मेसेज आला असंल, आकडे सांगा लवकर!"

"थांब वं माय, चष्मा तर घालू दे. तुही घाई काई गेली नाई अजून."

चष्मा सापडेपर्यंत ओटीपीची वेळ संपली. दुसरा मागवला. या वेळी त्यांनी एकेक आकडा दोनदा सांगितला, अंगणवाडीतल्या लेकरांना सांगावा तसा... आणि फॉर्म गेला. पाचला बारा मिनिटं होती.

मग मी विचारलं, "सिम बंद काऊन नाई केलं?"

"कसं करू? पुरी गल्ली हाय ना त्याच्यात. रोज कोणाचा ना कोणाचा फोन येते. दवाखान्यातबी सोबत असते मोबाईल."

मी धन्यवादही न म्हणता फोन ठेवला.

आता सगळ्यांजवळ मोबाईल आहे म्हणतात. माझ्याजवळही आहे, हे मी त्यात बोलूनच लिहितेय, टाइप करणं जमत नाही. पण आमच्याजवळ काहीच नव्हतं तेव्हा ज्यांनी आपला नंबर दिला, त्यांनी तो आमच्यासाठी आजपर्यंत चालू ठेवला.

कुंदाबाई फेसबुकवर नाहीत, त्यांचा फोन साधा बटणाचा. पुलगावात कोणी त्यांना ओळखत असेल तर घरी जाऊन हे मोठ्याने वाचून दाखवा. रविवारी मी पोरीला घेऊन जातेच आहे... पण तोवर थांबवत नाही.