खसच्या शरबताची बाटली

आमच्या मंगरूळपीरच्या गल्लीत शेजाऱ्याचं भांडं कोणी रिकामं परत देत नाही. रमजानात शेजारच्या खालानं खसचं शरबत पाठवलं, आमी ते संपवलं, मी बाटली धुऊन सैपाकाच्या ओट्यावर ठेवली. अन् माह्या नवऱ्यानं, त्या जीपवाल्या शहाण्यानं, तिच्यात कूलंट भरून ठेवलं! डबा चिरला होता म्हणे. इंजिन तापू नये, रेडिएटर गंजू नये म्हणून टाकतात ते. टाक ना मग रेडिएटरात! माह्या ओट्यावर कायले?

सासूबाईले वाटलं, सुनेनं शरबत करून भरलं. रोजा सोडायच्या वेळेले त्या बाटली देऊन आल्या. रंग तसाच हिरवा, अन् मेलं चवीलेही गोड. मी दळण घेऊन आली, तं बाटली जाग्यावर नाही. विचारलं तं म्हणाल्या, "खालाले दिली ना."

मी तशीच धावत गेली. खालाच्या हातात रिकामा गिलास. "बहोत मीठा बनाया, बेटी," म्हणाली.

नवरा मागून आला अन् म्हणते, "अवं, हिरवं पाणीच तं हाय. कायले बोंबलून राह्यली?" माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो चिरलेला डबा आणून त्याच्या छातीवर आपटला. "वाच! इथिलीन ग्लायकॉल लिवलं हाय. कवटी काढली हाय, ते तरी दिसते का नाही?"

त्याच्याच जीपमधी खालाले वाशीमले नेलं. वाटेतच तिची जीभ जड झाली, मान एका बाजूले पडू लागली. दारूच्या थेंबाले न शिवलेली बाई, अन् प्यायल्यावानी बरळत होती. डबा संगं होता म्हणून डॉक्टरले लगेच समजलं. हे किडन्या बंद पाडते, म्हणाले. खालाले रक्त साफ करायच्या मशीनवर ठेवलं. वाचली बिचारी. नवरा बाहेर बाकड्यावर मोबाईल चाळत बसला होता. गोड विष, अन् ठेवते कुठी तं चुलीपाशी! अजूनही आठवलं की दात कचकचते माहे.

ईदेले खाला दवाखान्यातून घरी आली होती. अंगात ताकद नाही, तरी तिच्याकडून शीरखुर्म्याचं पातेलं आलं. सासूबाईनं ते घासलं, पुसलं, अन् खालाच्या दारात जाऊन तसंच रिकामं तिच्या हातात दिलं.

"आता माह्या हातचं तुले कसं देऊ?" म्हणाल्या, अन् तिथंच खाली बसल्या.