बैलावर आलेला आळ

सन दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि तोवर माझ्या पोटात एकही गोळी गेली नव्हती. शाळा दुसरीतच सोडली, पण तब्येतीच्या बाबतीत भल्याभल्यांना अक्कल शिकवायचो.

मग दाढ सुजली. तालुक्याला, देवणीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. "आजोबा, मधेच सोडायच्या नाहीत." मी शब्दाचा पक्का! दाढेची सूज उतरली आणि अंगभर लाल चट्टे उठले. खाज अशी, की मी बाभळीला पाठ घासत होतो आणि शेजारी म्हैस तेच करत होती. (ती लवकर थांबली.)

"पित्त उठलंय," कारभारीण म्हणाली. तिनं मला लाल काव फासली आणि वरून घोंगडी गुंडाळली. भर वैशाखात! खाज दुप्पट.

"सुनेच्या वांग्यानं झालं," मी निकाल दिला. वांगं बंद. चट्टे गळ्यापर्यंत चढले. मग साबण बंद. मग नवी बंडी बंद. काव फासून उघडाच ओट्यावर बसलो.

"तात्या, कुस्ती धरली काय?" येणारेजाणारे विचारायचे.

सून सुनीता दारातून म्हणाली, "मामा, गोळ्या सुरू केल्यापासून झालंय हे. डॉक्टरला दाखवू चला."

"जिनं दाढ बरी केली तिच्यावरच आळ घेतीस व्हय? वांगं तुझं हाय म्हणून बोलायलीस!"

आणि तिच्या डोळ्यांदेखत, मुद्दाम, बिनपाण्याची एक गोळी गिळली.

सगळं बंद केलं (गोळ्या सोडून!), तरी चट्टे वाढतच होते. आता उरला कोण? आमचा देवणी जातीचा बैल, सर्जा. त्याच्या अंगावर गोचीड, आणि त्याला रोज चोळणार मी. सापडला गुन्हेगार!

"उद्या सकाळी सर्जाला बाजारात न्यायचा," मी जाहीर केलं. वासरू होता तेव्हापासून माझ्या हातची भाकर खाल्लेला बैल तो. पण बोललेला शब्द मागं घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही. (म्हणजे मला नाही.)

दिवस मावळायला गोळी घेतली आणि निरोप घ्यायला गोठ्यात गेलो. सर्जानं माझं तोंड बघितलं आणि मागं सरला. घसा दाटून आला. मागून सुनीता ओरडली, "अगं बाई! मामा, ओठ बघा केवढे झालेत! घसा आवळायलाय का?"

"रडू आलंय मला!"

"रडू न्हाई, सूज हाय ती! बसा गाडीवर!"

स्कूटीवर मागं उघडा, लाल, सुजलेला म्हातारा. देवणीत आम्हाला हॉर्न वाजवावा लागला नाही.

डॉक्टरनं टॉर्च मारून बघितलं. "यातलं पुरळ कुठलं आणि काव कुठली?" नर्सबाईनं मला भिंतीसारखं पुसून काढलं, तोवर इंजेक्शनही टोचलं.

"गोळीच बाधली आजोबा. अजून उशीर केला असता तर श्वास अडकला असता. चट्टे दिसले त्याच दिवशी यायचं होतं."

"तुमीच म्हणलाव, मधे सोडू नका!"

"मला विचारूही नका, असं म्हणालो होतो? आता नाव पाठ करा: अमॉक्सिसिलिन. ही गोळी जन्मात घ्यायची नाही, आणि कुठल्याही डॉक्टरकडं गेलात तरी आधी हे नाव सांगायचं. चिठ्ठीवर लिहून देऊ?"

"चिठ्ठी कशाला? डोकं शाबूत हाय माझं."

रात्री तिथंच ठेवून घेतलं. उजाडेपर्यंत नाव विसरलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो तो थेट गोठ्यात. गोचीड बघायच्या निमित्तानं सर्जाच्या गळ्यात पडून घेतलं. मग सुनीताकडून गोळीचं नाव पुन्हा वदवून घेतलं, आणि परत विसरू नये म्हणून बैलाचंच नाव बदलून टाकलं.

"अमॉक्सिसिलिन! चल बाबा पाण्यावर!"

बैल हलला नाही. मी पुन्हा ओरडलो. त्यानं तोंड फिरवलं.

"ऱ्हाऊ द्या मामा," सुनीता शेण भरता भरता म्हणाली. "किती बी सांगा, त्यो ऐकायचा न्हाई. तुमच्या हातचं खाऊन वाढलाय."