वंशाचा रकाना

दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीमागे बाईंनी तेवीस वर्षं काढली होती. पाठीला खुर्चीचा आकार आला होता. संध्याकाळी नवऱ्याने चहा पुढे केला, तरी बाई आधी आपलं नाव-वय विचारतील की काय, अशी त्याला धास्ती वाटे. सगळे त्यांना खिडकीबाई म्हणत. त्यांना आता खिडकी नको होती. वरच्या मजल्यावरची, दार लावून घेता येईल अशी हेडक्लार्कची खोली हवी होती, आणि त्यासाठी पदवी लागत होती.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर त्या संध्याकाळच्या वर्गाला बसल्या. विषय घेतला समाजशास्त्र. समाज तर रोज आपल्यापुढे रांग लावतो, त्याचं वेगळं काय शिकायचं, असा त्यांचा अंदाज. शिकवणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, वंश नेमका कुठे असतो, रक्तात, हाडात की कागदावर? दिवसभराच्या कामाने बाईंचे डोळे मिटत होते. तरी त्यांच्या मनात आलंच, हिला एक दिवस खिडकीवर बसवावं, म्हणजे कळेल कुठे असतो ते.

कारण केसपेपरवर नाव, वय, पत्ता यांच्याखाली वंशाचा रकाना होता: पठारी, किनारी, मिश्र, इतर. तो विचारून भरायचा, असा नियम. पण रांग दाराबाहेर गेली की विचारत बसतो कोण? बाई नुसत्या बघत. रंग, केस, नाक, पायातल्या चपला, आणि पेन टेकलं. यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नवे कारकून ही नजर शिकायला त्यांच्याकडे येत आणि बाईही हौसेने शिकवत.

पदवीच्या शेवटच्या वर्षी मॅडमनी काम दिलं: आपल्या कामाच्या जागी माणसांचे गट कसे पाडतात, ते वीस पानांत लिहा. बाईंनी परवानगी काढून जुने केसपेपर उपसले. तिथे त्यांना रंगारी सापडला.

घरांना रंग देणारा हा माणूस छातीच्या दुखण्यासाठी आठ वर्षांत अकरा वेळा आला होता. भर उन्हाळ्यात बाहेरच्या भिंती रंगवून काळवंडून आला, तेव्हा किनारी. चुन्याने तोंड पांढरं झालेलं असताना थेट कामावरून आला, तेव्हा पठारी. एकदा केस बारीक कापून आला, तर मिश्र. अकराही ठिकाणी अक्षर बाईंचंच. बाई आधी हसल्या. मग चष्मा पुसून पहिल्या कागदापासून पुन्हा बघू लागल्या.

हसू पुरतं मावळलं ते वेळांचे शिक्के बघून. पठारी असताना त्याला तासाभरात आत घेतलं होतं. किनारी असताना चार तास, पाच तास. तीनदा तर शेरा होता, 'न सांगता निघून गेला'. तसा नियम कुठेच नव्हता. आतले शिपाई कागद लावताना किनाऱ्यांचे खाली सरकवत, कारण त्यांना थांबायची सवय असते म्हणे. ते दुखणं अंगावर काढतात, अर्ध्यातून उठून जातात, त्यांची संस्कृतीच तशी. सगळेच असं म्हणत. बाई स्वतःही म्हणाल्या होत्या, एकदा नाही, शंभरदा. उपाशीपोटी पाच तास बाकावर बसवलं तर कोणीही उठून जाईल, हे कळायला त्यांना वीस पानं लिहावी लागली. स्वतःची इतकी लाज त्यांना आजवर कधी वाटली नव्हती.

पानं त्यांनी हेडक्लार्कसाहेबांना दाखवली. साहेब महिन्याभरात निवृत्त होणार होते, माणूस भला. त्यांनी सगळं वाचलं, उठून दार लावलं आणि समजावलं: हे वर्गात द्या, इथे नको. इथे चौकशी लागेल, आणि अक्षर तुमचं आहे. तुमची पदवी होतेच आहे, माझ्या जागेवर तुमचंच नाव पाठवतोय, शुक्रवारी सही होईल. तोवर हाताची घडी, तोंडावर बोट. घरी नवराही तेच म्हणाला, कशाला आपल्याच पायावर धोंडा मारून घेतेस? बाईंना वाद घालायचं त्राण नव्हतं. गुडघे दुखत होते. यापुढे तरी विचारून लिहायचं, एवढंच त्यांनी ठरवलं. बाकी जाऊ दे.

शुक्रवारी सकाळी रांगेत पहिलाच रंगारी होता. पार वाळलेला, खोकून खोकून वाकलेला. बाईंनी नाव-वय लिहिलं आणि आठ वर्षांत पहिल्यांदा त्याला विचारलं, "वंश काय लिहू, दादा?"

त्याने खिडकीच्या कडेला हात टेकून दम घेतला.

"ज्याला लवकर आत घेतात ते लिहा, ताई."

त्यात टोमणा नव्हता. हे बाईंच्या हातात आहे असं त्याला खरंच वाटत होतं, आणि ते होतंच.

बाईंनी पठारी लिहिलं. त्याच्यामागे एक म्हातारी होती, तिलाही पठारी लिहिलं. मग एक हमाल, एक बाळंतीण, तापाने फणफणलेली एक शिक्षिका. दुपारपर्यंत त्या दवाखान्यात एकही किनारी माणूस आजारी नव्हता. आत शिपायांची तारांबळ उडाली. कोणाचा कागद खाली सरकवायचा तेच कळेना, तेव्हा शेवटी माणसं आली त्या क्रमाने आत जाऊ लागली.

दोन वाजता हेडक्लार्कसाहेब स्वतः जिना उतरून आले. हातात केसपेपरचा गठ्ठा, बगलेत त्या जागेची फाईल. त्यांनी आवाज खाली ठेवून सांगितलं, अजून सही व्हायची आहे. नजरचुकीने झालं असं म्हणा, पुढचं मी निभावून नेतो.

बाईंनी फाईलकडे पाहिलं. ती खोली त्यांना फार हवी होती. अजूनही हवी होती.

"नजरचूक तेवीस वर्षं झाली, साहेब," त्या म्हणाल्या. "तसं लिहून देते."