सुकडीचा वाटा

सत्त्याण्णव साली, वडगाव निंबाळकरला सासरी म्हशीची धार काढता काढता कुशा चरवीसकट आडवी झाली. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "छातीत कुनीतरी पळतंय. मधीच थांबतंय, पुन्ना पळतंय." वय अवघं चोवीस.

सासरच्यांनी उतारा टाकला. सुप्याहून आई आली, म्हाळसा. तिनं लेकीला उठवलं आणि थेट बारामतीचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी छातीला वायरी लावून कागदाची पट्टी काढली. ठोक्यांना ताल नव्हता.

"घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"न्हाय जी. हिचं दोन थोरलं भाऊ बैलावानी हायती."

"ही पोटात असताना काही झालं होतं?"

म्हाळसा घुटमळली. "बहात्तरचा दुष्काळ व्हता. नववा लागला तरी खडी फोडत व्हते."

डॉक्टर पट्टी गुंडाळू लागले. म्हणाले, आईची उपासमार पोटातल्या बाळाच्या काळजावर जन्माची खूण ठेवते, असं परदेशात काही लोक म्हणायला लागलेत. रक्त आईबापाचंच, पण त्याचं वागणं बदलतं. "खात्रीनं अजून कुणालाच सांगता येत नाही, मावशी. आणि यात तुमचा काही दोष नाही."

शेवटचं म्हाळसाला ऐकूच आलं नाही. दुष्काळी कामावर बायांना सुकडी, म्हणजे सरकारकडून खायला पौष्टिक भुकटी, मिळायची. दोन्ही पोरं भुकेनं रडायची, म्हणून ती आपला वाटा त्यांनाच चारायची आणि वर पाणी पिऊन हातोडा उचलायची. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवऱ्याला, बिरूला, तिनं आता सांगितलं. तो वैतागला. "समद्याच बाया खडी फोडत व्हत्या. त्यांची पोरं धडधाकट हायती न्हवं?"

"मग माझीच का?"



गोळ्या चालू झाल्या. कुशा माहेरीच राहिली. सासरहून पुढं कुणी न्यायला आलंच नाही. म्हाळसा तिला दूध, तूप, अंडी भरवायची. भरल्या पोटानं लेक आणखीच थकायची. एका दुपारी म्हाळसाला राहवलं नाही, तिनं सगळं सांगून टाकलं.

कुशा म्हणाली, "भाऊ समोर रडत व्हतं, आये. मी तर दिसत बी नव्हते. म्या बी त्येच केलं असतं."

लेकीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हाळसाला वाटलं.

पौषात, ऊन चांगलं वर आलेलं असताना, कुशा वेणी घालायला बसली आणि बसल्या जागी कलंडली. डॉक्टरची जीप येईस्तोवर सगळं संपलं होतं.

दोघं भाऊ खांदा द्यायला आले. उंचेपुरे, छातीनं भरलेले. आईच्या गळ्यात पडायला वाकले, तशी म्हाळसा मागं सरकली. पोरांना काही कळेना. बिरूनं त्यांना बाजूला घेतलं आणि तिरडीकडं नेलं.

पुढं कैक महिने म्हाळसा लेकांच्या घरी जेवली नाही. कारण विचारलं की म्हणायची, "भूक न्हाय."